उसना नंबर

पैज लागली ती वसंतच्या चहाच्या टपरीवर, आणि लागली केळीच्या घडाची. आता बुऱ्हाणपुरात केळीच्या घडाचं काय कौतुक? इथल्या गायीसुद्धा केळं बघून तोंड फिरवतात. पण पैज लावणारे दोघं असे, की त्यांना डॉक्टरनं केळं खाणं तर सोडाच, सालीवरून घसरून पडायलाही बंदी केलेली. दोघांच्या किडन्या बसलेल्या. आठवड्यातून दोनदा ट्रस्टच्या दवाखान्यात जायचं, हातात सुया टोचून घ्यायच्या आणि मशीनवर रक्त धुऊन घ्यायचं, असं दोघांचं चाललेलं.

एक भाईदास. पॉवरलूमवर जॉबर होता, म्हणजे बिघडलेले माग ठीक करणारा. जन्मभर मागांच्या खडखडाटावर आवाज चढवून बोलला, त्यामुळे कानात सांगायची गोष्टही तो पार शनवाऱ्याच्या चौकापर्यंत ऐकू जाईल अशी सांगायचा. खोड्या काढण्यात गल्लीत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. शेजारच्या नव्या जावयाला त्यानं सांगितलं होतं, आमच्याकडे आधी सासऱ्याच्या म्हशीच्या पाया पडतात. जावई वाकला, म्हशीनं शेपटी मारली, आणि निर्मलानं, म्हणजे भाईदासच्या बायकोनं, त्या घरी जाऊन माफी मागितली. भाईदासच्या अर्ध्या खोड्यांची माफी निर्मलाच मागायची.

दुसरा सुकलाल. दापोरा गावचा केळीवाला. मशीन मागे लागलं तशी वाडी पुतण्याच्या हवाली केली आणि बायकोला, आशाबाईला घेऊन भाईदासच्या भिंतीला लागून खोली भाड्यानं घेतली. बोलायचा कमी, पाणी प्यायचा जास्त. आणि ह्या दुखण्यात पाणीच वैरी. प्यालेलं बाहेर पडतच नाही. आधी पाय सुजतात, मग तोंड, मग ते छातीत चढतं, आणि माणूस कोरड्या खाटेवर बुडायला लागतो. सुकलालला सगळं कळायचं. पण जन्म गेला केळीच्या वाडीत, पाण्याच्या पाटात पाय सोडून. तहान लागली की त्याचा हात आपोआप माठाकडे जायचा.

तर त्या दिवशी वसंतनं चहा ओतता ओतता बातमी दिली. ह्या दोघांना अर्धा अर्धा कपच, त्यातही वरून बोटभर रिकामा.

"दवाखान्यात कॉम्प्युटरवाली मॅडम येऊन राह्यली म्हणे. नवीन सिस्टीम बसवणार. पण आधी पेशंटले विचारणार, काय पाहिजे, काय नाही. मग बनवणार."

"विचारतीन," सुकलाल म्हणाला. "विचारतात सगळेच. पन आपल्याले जे लागते ना, ते त्या डब्यात काही जायचं नाही."

"कसं नाही जायचं?" भाईदास उसळला. "मी घालतो ना! अबे, तो डबा तुले शेठ म्हणून हाक मारीन, बघ तू."

"मले? शेठ?"

"सुकलालशेठ! लाव पैज."

"लावली. काय लावतो?"

भाईदासनं इकडं तिकडं पाहिलं. समोरून केळीची गाडी चालली होती. "हरला त्यानं अख्खा घड डोक्यावर घ्यायचा, शनवाऱ्याच्या चौकात उभं राहायचं, अन् येईल त्याले केळं वाटायचं. स्वतः एक बी खायचं नाही."

"खाल्लं तर तिथंच आडवे होऊ," सुकलाल म्हणाला, आणि दोघं एवढे हसले की वसंतला वाटलं आता ह्यांना इथूनच उचलून न्यावं लागतं.

वसंत पंच झाला. आपलं बोलणं डब्यात गेलं तर सुकलाल हरला, नाही गेलं तर भाईदास. घड मात्र कोणीही हरो, दापोऱ्याच्याच वाडीतला.

आता ह्या दवाखान्यात एक चाल होती, ती बाहेर कोणालाच माहीत नव्हती. उसना नंबर. प्रत्येकाचे वार ठरलेले, पलंग ठरलेला. पण एखाद्याला मधल्याच दिवशी दम लागला, तर ज्याचा त्या दिवशी नंबर असेल तो म्हणायचा, जा बाबा, तू झोप, मी तुझ्या नंबरावर येतो. मशीन चालवणारा नीलेश तेवढा वेळ खिडकीबाहेर बघत राहायचा. नियमात हे बसत नव्हतं. नीलेशच्या आधीचा पोरगा ह्याच्यावरूनच घरी गेला होता. पण त्या खोलीतली अर्धी माणसं उसन्या नंबरावर तगली होती, आणि सगळ्यात जास्त उसने घेणारा सुकलाल. देणारा बहुतेक वेळा भाईदास. त्याचे वार सुकलालच्या आदल्या दिवशीचे, पण वार कोणाचाही असो, जायचे दोघं जोडीनं. "तू पाणी पी, मी वजन वाढवतो," असं म्हणून तो त्याला चिडवायचा.

वजनावरून आठवलं. मशीनवर झोपायच्या आधी काट्यावर उभं राहावं लागतं. अंगात किती पाणी साचलं ते त्यावरून कळतं. सुकलाल काट्यावर चढला की भाईदास मागून हळूच एक पाय काट्याच्या कडेवर टेकवायचा. काटा वर. नीलेशच्या शिव्या सुकलालला. "काका, हौद पिऊन आले का?" सुकलालला पहिल्यांदा कळायचं नाही, मग कळायला लागलं. मग तो मागे न बघताच म्हणायचा, "पाय काढ बे."

मॅडम यायच्या आदल्या दिवशी टपरीवर सगळ्या पेशंटांची बैठक झाली. भाईदासनं बजावलं, "उसन्या नंबराचं कोणी बोलायचं नाही. बोललं की बंद. नीलेश बी घरी जाईन. तिले मी सांभाळतो. इतकं हसवतो, इतकं हसवतो, की तिले विचारायचं ध्यानातच राहणार नाही."

मॅडम आली ती अगदीच पोरसवदा निघाली. शीतल नाव. नेपानगरची, वडील कागदाच्या कारखान्यात होते. आल्या आल्या तिनं चप्पल बाहेर काढली, हात धुतले, आणि स्टूल ओढून एकेका पलंगाजवळ लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली. काय त्रास होतो, कधी येता, कसे येता, कोण सोबत असतं. घाई नाही. मधून मधून हिंदी, मधून मधून मराठी.

पहिल्या पलंगावरच्या सोजरबाईनं पंखा मागितला. एकानं टीव्ही मागितला. शीतलनं पंखाही लिहिला, टीव्हीही लिहिला.

"हे कॉम्प्युटरमधे कसं बसवणार तू?" सोजरबाईनं विचारलं.

"नाही बसणार, आजी. पण मी वरती सांगेन."

वार सुकलालचा होता, पण भाईदास मुद्दाम एकाचा उसना नंबर घेऊन हजर झाला होता. त्याच्या पलंगापाशी ती आली आणि त्याचा थट्टेचा कारखाना सुरू झाला. मशीननं नावानं हाक मारली पाहिजे. साधी हाक नाही. "सुकलालशेठ, या. पलंग वाट बघून राह्यला." असं. अन् माणूस येऊन अंगठा लावत नाही तोपर्यंत गप बसायचं नाही, कारण इथले लोक चहाच्या टपरीवर बसून राहतात. शीतल हसून हसून लाल झाली. "काका, क्या आयडिया है! खरंच करू शकते मी हे. म्हाताऱ्या लोकांना स्क्रीन दिसत नाही, आवाज पाहिजेच."

भाईदासनं शेजारच्या पलंगावरच्या सुकलालकडे बघून डोळा मारला. घड तयार ठेव.

मग शीतलनं लॅपटॉप बाजूला ठेवला. सगळ्या खोलीकडे बघितलं.

"एक विचारू? तुम्ही कधी एकमेकांचा नंबर घेता का? म्हणजे कोणाला जास्त त्रास झाला तर? मी कोणाचं नाव नाही लिहिणार. मला फक्त कळलं पाहिजे, म्हणजे सिस्टीममधे तशी जागा ठेवता येईल. नाही सांगितलं तर जागा राहणार नाही."

नीलेश चिकटपट्टीचं टोक शोधत बसला. ते त्याला काही सापडेना.

सुकलालनं उशीवरून मान उचलली. "बाई, एक गोष्ट हाय…"

"हाय ना!" भाईदास गरजला. "गोष्ट अशी की हा घोरतो! याच्या घोरण्यानं माह्या मशीनचा अलार्म वाजते! लिहा मॅडम, घोरणाऱ्याचा पलंग वेगळा!"

खोली हसली. सोजरबाई पण हसली. शीतल हसली, पण वळून तिनं परत विचारलं, "काका, तुम्ही काही सांगत होते?"

सुकलालनं भाईदासकडे बघितलं. मग छताकडे. "काही नाही. तेच. मले शेठ म्हणायले लाव म्हटलं."

परत येताना रिक्षा राजघाटाकडून वळली. नदीचा वारा आला तेव्हा सुकलाल म्हणाला, "सांगू देता तं काय झालं असतं?"

"नीलेश घरी गेला असता. अन् तू वर."

"पोरगी चांगली होती, भो. जागा ठेवते म्हणे."

"अबे, जे विचारतात तेच बंद करतात. तू चिंता नको करू. डब्यात नसलं तर नसलं, मी आहे ना. माहा नंबर तुहाच."

सिस्टीम आली ती उन्हाळ्याच्या तोंडावर. भिंतीवर मोठा पडदा, दारापाशी अंगठ्याचं यंत्र, आणि प्रत्येक मशीनला हिरवा-लाल दिवा. पडद्यातून गोड आवाज आला, "सुकलालशेठ, या. पलंग वाट बघून राह्यला." अन् साऱ्या खोलीनं टाळ्या वाजवल्या. सुकलालनं रुमाल डोक्याला फेट्यासारखा बांधला आणि अंगठा लावला. भाईदासनं तिथूनच वसंतला फोन केला, "ऐक बे पंच, ऐक!" आणि फोन पडद्याकडे धरला.

"हरलो बापा," सुकलाल म्हणाला. "केळी निसवली, घड बाहेर पडला. भरू दे. आणतो."

पण दिव्यांचं गणित कळायला वेळ लागला. ज्याचा वार, त्याचाच अंगठा. अंगठा जुळला नाही तर दिवा लाल. दिवा लाल तर मशीन बंद. पेशंटांनी जे सांगितलं होतं, सिस्टीम तशीच्या तशी बनली होती. सगळे आपापल्या नंबरावरच येतात. कोणी कोणाचा घेत नाही.

"काही रस्ता काढू," भाईदास म्हणाला. लूमचा जॉबर तो. अडलेलं मशीन त्यानं आजवर सोडलं नव्हतं.

मग दापोऱ्याला पुतण्याच्या घरचं लग्न आलं. आमरसाची पंगत. सुकलालनं वाटीभर रस घेतला, आणखी वाटीभर घेतला, आणि वरून ऊन असं, की तापीचे दगड फुटावेत. दुसऱ्या दिवशी सकाळी आशाबाई भाईदासच्या दारात.

"भाऊजी, चला ना लवकर. ह्यायले आडवं होता नाही येऊन राह्यलं. रातभर बसून काढली."

भाईदासचा त्या दिवशी नंबर होता. तो म्हणाला, "वहिनी, घाबरू नका. आपलंच मशीन आहे." आणि नेहमीसारखं सुकलालला रिक्षात घातलं, नेहमीसारखं चिडवलं, "रस किती वाट्या, शेठ?" सुकलालनं बोटं दाखवली. बोलायला दम पुरत नव्हता.

दवाखान्यात नीलेशनं त्याला काट्यावर उभं केलं. काटा सरकन वर गेला.

सुकलालनं मागे न बघता म्हटलं, "पाय… काढ बे."

भाईदास दारापाशी उभा होता. काट्यापासून लांब. पडदा हाक मारत होता, "भाईदासशेठ, या," आणि तो अंगठा लावत होता.

"माहा पाय नाही, सुक्या," तो म्हणाला. जन्मात पहिल्यांदा इतक्या हळू, की कोणालाच ऐकू गेलं नाही.

अंगठ्यानं दिवा हिरवा झाला. भाईदासनं सुकलालला आपल्या पलंगावर बसवलं. पण नीलेशनं सुकलालची नळी लावली तसा दिवा लाल. प्रत्येकाची नळी वेगळी, नळीवर ज्याचं त्याचं नाव चिकटवलेलं. सिस्टीम ते वाचत होती. परत अंगठा, परत लाल. भाईदासनं वायर हलवल्या, डब्याच्या मागं हात घातला, चापट मारली. लाल.

"काका, नहीं ले रहा," नीलेश रडकुंडीला आला. "इनका कल है, बोलता है." त्यानं मोठ्या डॉक्टरांना फोन लावला, ते खंडव्याला. सिस्टीमवाल्यांना लावला, तिथं घंटी वाजत राहिली. शेवटी डॉक्टरांचा उलटा फोन आला, खंडव्याला घेऊन या, इथं सोय करून ठेवतो.

अँब्युलन्समध्ये एका बाजूला आशाबाई, एका बाजूला भाईदास. पलंग तसाच रिकामा राहिला मागे. ना ह्याच्या कामी आला, ना त्याच्या.

असीरगडचा किल्ला दिसायला लागेपर्यंत सुकलाल शुद्धीवर होता. नाकावरची नळी बाजूला सारून म्हणाला, "घड… भरला असंन."

"भरला असंन. तू बोलू नको."

"वाडीतला… पाटाजवळचा घे. मोठा हाय." मग थोड्या वेळानं, "तू उभा राहजो बाजूले. मी वाटीन."

"तर! सोडतो का तुले."

घाट चढताना आशाबाईनं त्याच्या पायावरचा हात काढला, परत ठेवला, आणि मग ओरडली. ड्रायव्हरनं गाडी थांबवली नाही. थांबवून काही होणार नव्हतं.

दापोऱ्यालाच नेलं त्याला. भाईदास तिथं होता तो दिवस आणि रात्र. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचेच पाय सुजलेले, श्वास आखूड. त्याचा नंबर तर वाया गेला होता. सिस्टीमनं त्याच्या नावापुढं गैरहजर लावलं होतं. निर्मलानं जबरदस्तीनं रिक्षात घालून दवाखान्यात आणलं.

तो सुकलालचा वार होता.

पलंग रिकामा. स्वच्छ चादर घातलेली. भाईदास बाकावर, भिंतीला टेकून, तोंड उघडं ठेवून बसलेला. आणि पडदा बोलायला लागला.

"सुकलालशेठ, या. पलंग वाट बघून राह्यला."

सोजरबाईनं तोंडाला पदर लावला.

"सुकलालशेठ, या. पलंग वाट बघून राह्यला."

"बंद कर ना रे ते!" निर्मला नीलेशवर ओरडली.

"काकू, माझ्या हातात नाही. नाव वरून काढावं लागतं. डॉक्टरसाहेब येतील तेव्हा. तोपर्यंत अंगठा लागल्याशिवाय…"

अंगठा लागल्याशिवाय गप बसायचं नाही. हे मागणारा बाकावर बसला होता. पडदा गोड आवाजात हाका मारत राहिला, आणि प्रत्येक हाकेला भाईदास दाराकडे बघत राहिला. आपण हाक मारली आणि सुकलाल आला नाही, असं कधी झालं नव्हतं. डॉक्टर दुपारून आले, त्यांनी नाव काढलं, त्या जागी भाईदासचं घातलं. मग तोच पलंग भाईदासला मिळाला.

पुढच्या आठवड्यात शीतल आली. नीलेशनंच फोन करून बोलावलं होतं. ती स्टूल ओढून भाईदासजवळ बसली. ह्या खेपेला भाईदासनं एकही विनोद केला नाही. उसना नंबर काय असतो, कोण देतं, कसं देतं, नीलेश खिडकीबाहेर का बघतो, सगळं सांगितलं. नीलेश समोरच उभा होता. तोही नाही म्हणाला नाही. शीतल लिहीत होती. लिहिता लिहिता तिची बोटं थांबली.

"मी विचारलं होतं, काका."

"विचारलं होतं तू."

"ते काका सांगत होते काहीतरी."

"हो. मीच सांगू नाही दिलं त्याले."

तिनं तेही लिहून घेतलं. मग म्हणाली, "आणखी काही पाहिजे?"

भाईदासनं पडद्याकडे बघितलं. "सोजरबाईले पंखा देजा," तो म्हणाला.

त्या संध्याकाळी तो टपरीवर गेला. वसंतनं अर्धा कप पुढं केला.

"पंच, पैजेचं काय?"

"कायची पैज आता, भाईदास? तू तर जिंकला होता. डब्यानं त्याले शेठ म्हटलं, मी स्वतः ऐकलं."

"तो काय बोलला होता? आपल्याले जे लागते ते जायचं नाही. गेलं का?"

वसंत कपबशी पुसत राहिला.

दिवसकार्य झाल्यावर भाईदास दापोऱ्याला गेला. आशाबाईकडं घड मागायला त्याची जीभ उचलेना, म्हणून ओट्यावर नुसताच बसून राहिला. आशाबाईच म्हणाली, "पाटाजवळचा ना? मले माहीत हाय. बोलले होते ते." पुतण्याला हाक मारून तिनंच कापायला लावला. घड खरंच मोठा होता. पाडाला आला होता.

शनिवारच्या बाजाराला शनवाऱ्याला पाय ठेवायला जागा नसते. भाईदास चौकात उभा राहिला, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर घड. पुतण्या आणि वसंत दोन्ही बाजूंनी हात लावून, कारण ज्या हातात सुया टोचतात तो हात वर धरता येत नाही. लोकांनी बघितलं आणि हसायला लागले. ह्या माणसाला बघून हसायची गावाला सवयच होती.

"काय भाईदास, आज कोणाची जिरवली?"

"आपलीच. हरलो पैज. घ्या केळं."

"कोणाकडून हरला बे? तुले हरवणारा पैदा झाला?"

"सुकलालशेठकडून," भाईदास म्हणाला. लूमवरचा आवाज, साऱ्या चौकाला ऐकू गेला. "दापोऱ्याचे. त्यायच्याच वाडीतले आहेत. गोड आहेत, घ्या."

ज्यांना माहीत होतं ते हसायचे थांबले. ज्यांना माहीत नव्हतं ते हसत हसत केळं घेऊन गेले, पोराबाळांसाठी आणखी एक मागून घेऊन गेले. नीलेश ड्यूटी सोडून आला होता, त्यानं एक घेतलं आणि तसंच हातात धरून उभा राहिला. निर्मला आली. नवऱ्याच्या वतीनं माफी मागायची तिला सवय. पण आज कोणाची मागावी ते तिला कळेना. तीही एक केळं घेऊन बाजूला झाली.

फणी फणी करत घड हलका होत गेला. शेवटी नुसता दांडा राहिला आणि त्याला एकच केळं. एका म्हाताऱ्यानं ते तोडून भाईदासच्याच हातात दिलं. "तू खा ना रे बाबा. केव्हाचा उभा आहे उन्हात."

भाईदासनं ते केळं घेतलं. आशाबाई चौकाच्या कडेला, रसवंतीच्या सावलीत उभी होती. गर्दीतून वाट काढत तो तिच्यापाशी गेला.

"वहिनी, हे शेवटचं."

आशाबाईनं केळं सोललं, अर्धं मोडून सवयीनं त्याच्यापुढं धरलं, आणि आठवल्याबरोबर हात मागं घेतला.

"खा तुम्ही," भाईदास म्हणाला. "मी बाजूले उभा राहतो."

तिनं दोन्ही अर्धी खाल्ली. हळूहळू. तो बाजूला उभा राहिला, डोक्यावर रिकामी चुंबळ तशीच.